आखेनचं 'हायस्कूल': एर-वे-टे-हा विषयी सवडीने

गावठी_जर्मन (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात गप्पांच्या धाग्यावर सुमाताईंनी विचारलं होतं, "मुलगा जर्मनीतल्या आखेनच्या कॉलेजचं नाव घेतोय. म्हणतो फी नाही. फी नाही म्हणजे नक्की काय नाही? फसवाफसवी तर नसेल?" तिथे मी दोन ओळी खरडल्या आणि त्यावर गाडी थेट बिअरपर्यंत गेली, म्हणून हा वेगळा धागा. मी तिथे आधी मास्टर्स केलं, मग एका इन्स्टिट्यूटमध्ये काही वर्षं नोकरी केली. त्यामुळे माझं मत थोडं घरच्या माणसाचं आहे, तेवढं वजा करून वाचा.

नावापासूनच सुरुवात करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. पूर्ण नाव राइनिश-वेस्टफेलिश टेक्निश होखशूल, बोलताना सगळे 'एर-वे-टे-हा' (म्हणजे आर.डब्ल्यू.टी.एच., जर्मन उच्चारात) म्हणतात. होखशूल म्हणजे शब्दशः उच्च शाळा. माझ्या आजीला हे कुणीतरी समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "बी.ई. करून पोरगं परत हायस्कुलात का गेलं?" तिचं फारसं चुकलं नव्हतं. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हॅनोव्हर, म्युनिक या जुन्या 'टेक्निश होखशूल' मंडळींनी १९६७ ते १९७० च्या सुमारास 'विद्यापीठ' अशी पाटी लावली. आखेनने लावली नाही. दर्जा विद्यापीठाचा, डॉक्टरेट देण्याचा हक्क १८९९ पासूनचा, वैद्यकीय शाखा १९६६ पासून, मानव्यविद्याही आहेत, तरी पाटी 'होखशूल'चीच. त्याच गावात 'फाखहोखशूल आखेन' नावाची पूर्णपणे वेगळी सरकारी संस्था आहे. तीही चांगली, शिक्षण जास्त हाताने करण्याचं. पण ही ती नव्हे. एजंट लोक बोलताना दोन्हींना 'आखेन' म्हणतात. ऑफर लेटरवर काय लिहिलंय ते डोळे फाडून वाचा.

आता जन्मकथा, ती मला भारी आवडते. १८५८ साली प्रशियाच्या (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) राजपुत्राला आखेनच्या एका अग्निविमा कंपनीने पाच हजार टालर (तेव्हाचं चलन) दिले, समाजोपयोगी कामासाठी. राजपुत्राने ठरवलं, ऱ्हाइन प्रांतात तंत्रशाळा काढू. म्हणजे हे विद्यापीठ ना राजाच्या मर्जीतून जन्मलं ना चर्चच्या. आग लागली तर पैसे देणाऱ्यांच्या गल्ल्यातून जन्मलं. मग सुरू झाली गावागावांची ओढाताण. राजपुत्राच्या मनात कोब्लेन्झ, बॉन आणि ड्युसेलडॉर्फचाही अर्ज, आणि खरी कुस्ती कलोन विरुद्ध आखेन. आखेनने स्थानिक बँका आणि तीच विमा कंपनी पाठीशी घेऊन पैशांचा आराखडाच पुढे ठेवला आणि बाजी मारली. १५ मे १८६५ ला पायाभरणी झाली. वर्ग सुरू झाले १० ऑक्टोबर १८७० ला, तेही फ्रान्सशी युद्ध चालू असताना. विद्यार्थी २२३, शिक्षक ३२. आज विद्यार्थी पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत.

आखेनच का, तर आसपास कोळसा, कापड, काच आणि सुया. हो, शिवणाच्या सुया. एके काळी हे सुयांचं गाव होतं. कारखानदाराला शिकलेला माणूस हवा होता, आणि तो त्यासाठी पैसे मोजायला तयार होता. दीडशे वर्षांनी गाडी त्याच रुळावर आहे, हे पुढे सांगतो.

तिथे पहिल्यांदा गेलेला माणूस विचारतो, "गेट कुठंय?" गेट नाही. कुंपण नाही, वॉचमन नाही, ओळखपत्र तपासणारा मामा नाही. टेंप्लरग्राबेन नावाचा साधा रहदारीचा रस्ता, त्यावर १८७० ची मूळ इमारत, तिच्या अंगालाच 'सुपर-सी' नावाची काचेची, आडव्या इंग्रजी 'सी'सारखी पुढे झेपावलेली इमारत. प्रवेशाची आणि विद्यार्थ्यांची बहुतेक कागदपत्रं तिथे. थोडं चाललं की पोंटश्ट्रास, म्हणजे खाण्यापिण्याची गल्ली. आपल्याकडच्या एफ.सी. रोडची लांबी निम्मी केली आणि वाहनं काढून टाकली की साधारण तीच. मग शहराच्या पश्चिमेला टेकाडावर मेलाटेन, तिथे नव्या प्रयोगशाळा, संशोधन संस्था, कंपन्यांची कार्यालयं, सगळं एकात एक मिसळलेलं. 'कार्ल' नावाची लेक्चर हॉलची इमारत २०१७ ला उघडली, अकरा हॉल मिळून चार हजारांच्या आसपास खुर्च्या. पहिल्या सत्रात मेकॅनिकलच्या लेक्चरला बसलात की आपण वर्गात आहोत की नाट्यगृहात ते कळत नाही.

सुपर-सीची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आखेनच्या पोटात गरम पाण्याचे झरे आहेत, रोमन लोक आंघोळीला यायचे, काही झऱ्यांचं पाणी सत्तर अंशांच्या वर. तेव्हा इमारत जमिनीतल्या उष्णतेवर गरम करायची ठरली आणि अडीच किलोमीटर खोल विहीर खणली. नळी आत बसवताना घोळ झाला, आणि शेवटी तो नाद सोडावा लागला. तंत्रविद्यापीठाच्या थेट दारात हे. पण लपवालपवी नाही, लोक स्वतःच हसत सांगतात.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे कॉलेज म्हणजे डिपार्टमेंट, एच.ओ.डी., वर्ग. तिथे खरा घटक म्हणजे 'इन्स्टिट्यूट' किंवा 'लेअरश्टूल', म्हणजे एका प्रोफेसरची गादी. गादी हाच शब्द बरोबर बसतो. मठ असतो तसं. प्रोफेसरच्या हाताखाली पन्नास, काही ठिकाणी शेकड्याने माणसं. पीएच.डी. करणारी मुलं इथे विद्यार्थी नसून पगारी नोकर असतात, करार असतो, निवृत्तिवेतनाचे पैसे कापले जातात. त्यांच्या पगाराचा मोठा भाग कंपन्यांच्या आणि सरकारी संशोधनाच्या पैशातून येतो. मोटारीच्या गिअरबॉक्सचा आवाज कमी करायचाय, कंपनी इन्स्टिट्यूटकडे येते. पोरगं त्यावर चार-पाच वर्षं घासतं, 'डॉक्टर-इंजिनिअर' होतं आणि बऱ्याचदा त्याच कंपनीत जातं. त्या पोराच्या हाताखाली मास्टर्सचे विद्यार्थी 'हिवी' म्हणून तासावर काम करतात. मी हिवी होतो, टेस्ट बेंचवर सेन्सर चिकटवायचो, पहिले तीन महिने फक्त सेन्सर. लेक्चरपेक्षा तिथे जास्त शिकलो.

म्हणून आखेन समजून घ्यायचं तर रँकिंगचा तक्ता सोडा, इन्स्टिट्यूटची यादी वाचा. तिथे जायचं की नाही याचं उत्तर त्या यादीत आहे, क्रमांकात नाही.

आणि दुसरी बाजू. तिथे तुमच्या मागे कुणी लागत नाही. हजेरी बहुतेक विषयांना नाही. युनिट टेस्ट नाही. लेक्चर ऑक्टोबर ते फेब्रुवारीची सुरुवात आणि एप्रिल ते जुलै, परीक्षा मधल्या महिन्यांत पसरलेल्या. अनेक विषयांत सगळा निकाल एकाच लेखी परीक्षेवर. गुण उलटे: १.० म्हणजे उत्तम, ४.० म्हणजे काठावर, त्याहून मोठा आकडा म्हणजे नापास. एका विषयाला साधारण तीन संधी. तिसऱ्यांदाही गेलात तर तो अभ्यासक्रम संपला, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. हे वाक्य सुमाताईंनी मुलाला दोनदा वाचून दाखवावं.

फीबद्दल प्रतिसादांत बोलू, नाहीतर हा धागा पैशावरच घसरेल. (घसरणारच आहे.)

---

चाकणकर

वा! धागा वाचून टूलरूम आठवली. आम्ही डिप्लोमावाले, आखेन पाहिलेलं नाही, पण आखेनने आम्हाला पाहिलं होतं असं म्हणायला हरकत नाही. मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात ग्रुप टेक्नॉलॉजीच्या धड्यात 'ओपिट्झ कोडिंग' येतं ना, म्हणजे प्रत्येक सुट्या भागाला आकड्यांची ओळख देणं? पहिले पाच आकडे भागाच्या आकारासाठी, पुढचे चार मापं, धातू, कच्चा माल, अचूकता यांसाठी. परीक्षेला हमखास यायचं. सर म्हणायचे, रट्टा मारा. तो ओपिट्झ म्हणजे हेरवार्ट ओपिट्झ, आखेनच्या मशीन टूल लॅबचा प्रोफेसर. तीन दशकांहून जास्त काळ ती लॅब चालवली त्याने.

गंमत अशी की रट्टा मारलेली ती गोष्ट मला पुढे वीस वर्षांनी कळली. शॉपमध्ये साडेचारशेच्या आसपास वेगवेगळे शाफ्ट होते. प्रत्येकाचं ड्रॉइंग वेगळं, फिक्श्चर वेगळं. एका जर्मन पाहुण्याने दोन दिवस नुसती ड्रॉइंगं पसरून बसून एकसारख्या भागांच्या टोळ्या पाडल्या. तेव्हा डोक्यात उजेड पडला की अरे, हे तर ते पाच आकडे!

---

गावठी_जर्मन

काका, काय सुंदर सांगितलंत! त्या लॅबचं नाव 'वे-त्सेट-एल' (डब्ल्यू.झेड.एल.), १९०६ पासून आहे. आजही मेलाटेनला तिच्या हॉलमध्ये शिरलं की कटिंग ऑइलचा वास येतो. चाकणच्या माणसाला तिथे लगेच घरी आल्यासारखं वाटेल.

---

खडूस_वाचक

लेख चांगला, पण एक प्रश्न राहतोच. फुकट काही नसतं. हे जर्मन करदात्याचं औदार्य किती दिवस टिकणार? दुसरं, फेसबुकवर 'आखेनला लाखो रुपये फी भरली' म्हणणारी मुलं दिसतात. ती खोटं बोलतात की तुम्ही?

---

गावठी_जर्मन

दोघंही खरं बोलतोय. :)

शिक्षण जर्मनीत राज्यांच्या हातात आहे, म्हणून नियम राज्यागणिक बदलतो. आखेन नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्यात येतं. तिथे २००६ पासून काही वर्षं सत्राला पाचशे युरोपर्यंत फी होती, तीही सगळ्यांना, जर्मन मुलांनासुद्धा. सरकार बदललं आणि २०११ मध्ये ती गेली. दक्षिणेकडच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला दीड हजार युरो. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना बॅचलर्सला सत्राला दोन ते तीन हजार आणि मास्टर्सला चार ते सहा हजार युरो लावले. तेव्हा 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्यच आता चुकीचं आहे. 'या राज्यातल्या या अभ्यासक्रमाला फी नाही' असं म्हणायचं.

आता आखेन. तिथल्या नेहमीच्या अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नाही, फक्त सत्राची वर्गणी असते, साधारण तीनशे युरोच्या आसपास. तीत विद्यार्थी संघटना, खानावळी-वसतिगृहं चालवणारी संस्था आणि बस-रेल्वेचं तिकीट येतं. पण विद्यापीठाची 'इंटरनॅशनल अकॅडमी' म्हणून एक शाखा आहे, तिचे इंग्रजीतले काही मास्टर्स फी घेऊन चालतात, सत्राला हजारोंच्या घरात. तेही खरे अभ्यासक्रम, पदवीही विद्यापीठाचीच. फेसबुकवरची मुलं बहुतेक त्यातली. घोळ होतो तो इथे: मेकॅनिकलचे फी नसलेले बरेचसे मास्टर्स जर्मन भाषेत आहेत. म्हणजे फी नसेल तर भाषा भरा, भाषा नसेल तर फी भरा, असा साधारण हिशोब. सगळ्याच शाखांना हे लागू नाही, इंग्रजीतले काही बिनफीचे अभ्यासक्रमही आहेत, पण त्यांच्या रांगा लांब.

करदात्याबद्दल: जो मुलगा शिकून तिथेच नोकरी करतो तो पहिल्या महिन्यापासून कर भरायला लागतो. पगाराची पहिली स्लिप पाहिली तेव्हा मला वाटलं, फी मी आता भरतोय.

---

सुमा_सासवड

मनापासून धन्यवाद! एवढं व्यवस्थित कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही एका एजन्सीत गेलो होतो (नाव घेत नाही), त्यांनी पावणेदोन लाख 'प्रोसेसिंग' मागितलं आणि वर म्हणाले सीट पक्की. ह्यांनी तिथेच उठून चालायला सुरुवात केली.

मुलाचं बारावी झालंय, विज्ञान, गुण चांगले आहेत. थेट बॅचलर्सला पाठवता येईल का? आणि घरातून नक्की किती पैसे उभे करायचे, तो आकडा सांगा. बाकी सगळं नंतर.

---

गावठी_जर्मन

ताई, नुसत्या बारावीवर सहसा थेट नाही. जर्मन शाळा तेरा वर्षांपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे आपली बारावी त्यांना अपुरी वाटते. आपल्याकडे इंजिनिअरिंगचं एक वर्ष यशस्वी पूर्ण केलं किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असेल तर त्याच शाखेसाठी रस्ता उघडतो. नाहीतर 'श्टूडिएनकोलेग' म्हणजे एक वर्षाची पूर्वतयारी. आणि बॅचलर्स जवळजवळ सगळं जर्मनमध्ये. म्हणून माझं प्रामाणिक मत: बी.ई. इथेच करू दे, चारही वर्षं जर्मन शिकू दे, मग मास्टर्सला जाऊ दे.

आकडा: व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ सुटतात. ते पैसे कुणाला द्यायचे नसतात, मुलाचेच खर्चाला. शिवाय आरोग्यविमा सक्तीचा, तो त्यातूनच जातो. भारतातल्या अर्जदारांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून कागदपत्रं तपासल्याचं ए.पी.एस. प्रमाणपत्रही लागतं, त्याला वेळ धरून ठेवा. एजन्सी यातलं एकही काम असं करत नाही जे मुलगा स्वतः करू शकत नाही. जो मुलगा अर्ज स्वतः भरू शकत नाही, तो तिथे तीन वेळा नापास होण्याची शक्यता जास्त. कडू आहे, पण आहे.

---

पोंटटोरचा_पोपट

सध्या तिथेच आहे, तिसरं सत्र. धागाकर्त्यांनी परीक्षेबद्दल लिहिलंय त्यावर माझ्याकडून भर.

आपल्या सवयी पहिल्या परीक्षेतच उघड्या पडतात. मी शेवटचे तीन आठवडे धरून अभ्यास केला, पुण्यात तसाच चालायचा. पेपर हातात आला आणि प्रश्न 'सिद्ध करा' नव्हता, 'हे यंत्र असं का बंद पडलं असेल' असा होता. फॉर्म्युल्यांचा कागद न्यायची परवानगी होती, तो कागद नुसता बघत बसलो. ५.० मिळाले, म्हणजे नापास. चूक माझीच. दुसऱ्या वेळी जुन्या पेपरांचे गठ्ठे सोडवले, ते विद्यार्थी संघटनांकडे आणि मित्रांकडे मिळतात, २.३ आले. घरी फोनवर सांगितलं "२.३", तर बाबा म्हणाले, "दहापैकी?"

रोजचं जगणं: खोली हीच खरी परीक्षा. पहिले सहा आठवडे मी एका सीनिअरच्या स्वयंपाकघरात गादी टाकून होतो. सीमेपलीकडे फाल्स नावाचं डच गाव आहे, बसने पंधरा-वीस मिनिटं. तिथे खोल्या दिसतात. पण थांबा, आपला परवाना जर्मनीचा असतो, त्यावर नेदरलँड्समध्ये फिरायला जाता येतं, राहायला नाही. दोन मुलांनी ते केलं आणि नंतर कागदोपत्री फार ताप झाला.

रविवारी मात्र फाल्सला जरूर जातो. टेकडीवर जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स तिन्ही देश एका खांबापाशी भेटतात. उंची ३२२ मीटर. पर्वती बरी, असं म्हणणाऱ्या मित्राला तिथून ढकलावंसं वाटलं होतं.

---

खडूस_वाचक

पर्वती बरीच आहे.

---

इतिहासाचा_मास्तर

धागाकर्त्यांनी १८७० वरून थेट आजवर उडी मारली. मधलं मी भरतो, कारण मधलंच महत्त्वाचं आहे.

पहिल्या महायुद्धाआधी आणि नंतर आखेन हे विमानशास्त्राचं माहेरघर होतं. ह्यूगो युंकर्स तिथे १८९७ ते १९१२ प्रोफेसर होता. संपूर्ण धातूचं विमान उडवणारा हाच तो. १९१३ ला थिओडोर फॉन कारमान वायुगतिकी इन्स्टिट्यूटचा प्रमुख म्हणून आला. आकाश संपून अवकाश सुरू होतं ती शंभर किलोमीटरची 'कारमान रेषा' याच्याच नावाची. १९२० मध्ये आखेनच्या विद्यार्थ्यांच्या उड्डाण मंडळाने 'श्वार्त्सर टॉयफेल', म्हणजे काळा सैतान, नावाचं ग्लायडर बांधलं आणि ऱ्योनच्या डोंगरावरची पहिली स्पर्धा जिंकली. पोरांनी!

मग काय झालं? कारमान ज्यू होता, हंगेरियन होता. वारा ओळखून तो १९३० ला कॅलिफोर्नियाला गेला, तिथे जेट प्रोपल्शन लॅबचा (आज नासाची) पाया घातला. ज्यांनी वारा ओळखला नाही त्यांची गोष्ट वेगळी. ओट्टो ब्लूमेंथाल हा गणितज्ञ, हिल्बर्ट या नामांकित जर्मन गणितज्ञाचा पहिला पीएच.डी. विद्यार्थी, १९०५ पासून आखेनला शिकवत होता. १९३३ ला नाझी राजवटीत ज्यू वंशाचा म्हणून काढला. पुढे नेदरलँड्सला पळाला, तिथून पकडला गेला, १९४४ ला थेरेझिनश्टाटच्या छावणीत मेला. लुडविग होप्फ, आइनस्टाइनबरोबर काम केलेला, त्यालाही काढलं. तो १९३९ ला डब्लिनमध्ये वारला. अमेरिकेचं नशीब बघा आणि आखेनचं बघा. एक खुर्ची रिकामी केली की ती कुठे भरते ते.

आणि हे थरारक: १९७० ते १९७३ या काळात आखेनचा रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, होता हान्स श्वेर्ट, जर्मन साहित्याचा प्राध्यापक, उदारमतवादी म्हणून नावाजलेला. १९९५ मध्ये उघड झालं की हे नावच खोटं. मूळचा हान्स एर्न्स्ट श्नायडर, एस.एस.चा, म्हणजे नाझींच्या कुप्रसिद्ध दलाचा अधिकारी. युद्ध संपल्यावर स्वतःला मृत जाहीर करवलं, नवं नाव घेतलं, आणि आपल्याच 'विधवे'शी पुन्हा लग्न केलं. पन्नास वर्षं हे खपलं! ज्या संस्थेने ब्लूमेंथालला हाकललं तिच्या खुर्चीवर हा बसला. जर्मनीचं कौतुक करताना हे विसरू नये म्हणून लिहिलं.

---

गावठी_जर्मन

मास्तर, उडी मुद्दाम नव्हती, पण पकडलीत ते बरं केलंत. मी कारमानच्या नावाच्या ऑडिटोरियममध्ये दोन वर्षं बसलो. पहिलं वर्षभर मला वाटायचं तो आखेनचाच कुणी देणगीदार असेल.

---

मेधा_मोजमाप

माझं आखेनला डॉक्टरेट चालू आहे, धातुशास्त्रात. इथे सगळ्यांनी मुलगा मुलगा लिहिलंय म्हणून आले.

१९०९ च्या आधी इथे मुलींना रीतसर प्रवेश नव्हता. आज एकूण विद्यार्थ्यांत मुली साधारण एक तृतीयांश आहेत, पण त्या वास्तुशास्त्र, वैद्यक, जीवशास्त्राकडे जास्त. मेकॅनिकलच्या हॉलमध्ये वरून बघा, मोजता येतील. मला यात भीतीदायक असं काही वाटलं नाही. रात्री साडेअकराला भट्टीचं तापमान नोंदवून सायकलवर एकटी घरी येते, हे आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

इन्स्टिट्यूट म्हणजे मठ हे बरोबर, पण मठाची दुसरी बाजूही सांगा. करार ठरावीक मुदतीचे असतात, दोन वर्षं, तीन वर्षं. प्रकल्पाचा पैसा संपला की मुदतवाढीची चिंता. डॉक्टरेटचा प्रबंध हा कंपनीच्या कामातून 'उरलेल्या' वेळात लिहायचा असतो. पाच वर्षांचे सहा सहज होतात. नोकरी करायचीय म्हणून येणाऱ्याला हे चालतं. विचार करायचाय म्हणून येणाऱ्याने आधी त्या इन्स्टिट्यूटमधल्या दोन जुन्या लोकांशी चहा घ्यावा.

---

गावठी_जर्मन

शंभर टक्के. मी पाचचे सहा होण्याच्या आधीच बाहेर पडलो, म्हणजे 'डॉक्टर' न होता. घरी अजून लोक विचारतात. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले हबीबी आखेनलाच १९६० ला इंजिनिअर आणि १९६५ ला डॉक्टर झाले होते, तेव्हा राष्ट्राध्यक्ष व्हायचं असेल तर प्रबंध पूर्ण करावा.

---

लाटकर_वहिनी

अवांतर: आखेनचे 'प्रिंटेन' कुणी खाल्लेत का? जावयाने आणले होते. मसाल्याची बिस्किटं म्हणाला. दाताने तुटेना. शेवटी मिक्सरला लावून लाडू वळले, सुरेख झाले, थोडं तूप जास्त लागतं.

---

पोंटटोरचा_पोपट

वहिनी, ते कडक प्रकारातले असणार. मऊही मिळतात. डब्यात सफरचंदाची फोड ठेवली की दोन दिवसांत नरम होतात. पण लाडवाची पाककृती वेगळा धागा काढून टाका, इथली पंधरा मुलं वाट बघतायत.

---

चाकणकर

एक शेवटची शंका. ते मोठं हॉस्पिटल, बाहेरून सगळ्या पाइपा दिसतात ते, आखेनचंच ना? एकदा फोटो बघून मी रिफायनरी समजलो होतो.

---

गावठी_जर्मन

तेच, विद्यापीठाचं रुग्णालय. १९८५ ला रीतसर उघडलं. तुम्हीच नाही, टॅक्सीत बसलेला प्रत्येक पाहुणा तेच विचारतो. आता ती संरक्षित वास्तू आहे, त्यामुळे पाइपा झाकताही येत नाहीत. आत गालिचा हिरवा आहे, भिंतीही हिरव्या. माझं अपेंडिक्स तिथे निघालं. भूल उतरताना वाटलं शेतात आहे.

---

सुमा_सासवड

आज सगळा धागा घरात मोठ्याने वाचला. तीन संधींचं वाक्य सांगितल्याप्रमाणे दोनदा वाचलं. मुलगा म्हणाला, "आई, तिसऱ्यांदा कळलं." पुण्यात जर्मनच्या पहिल्या पातळीचा क्लास लावलाय, शनिवार-रविवार, सासवडहून एस.टी.ने. सासूबाईंना मात्र अजून पटत नाही. त्या शेजारी सांगून आल्या आहेत की नातू बारावीनंतर परत हायस्कुलात जाणार आहे म्हणून.